फॉर्ममधले रकाने अटीनुसार बंद-चालू करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'कायमचा पत्ता वरीलप्रमाणेच' या चौकटीत टिक केली की खालचे पत्त्याचे रकाने करडे होतात. नोकरीच्या अर्जात, बँकेत खातं उघडताना, कॉलेजच्या प्रवेशाला, सगळीकडे आपण हे पाहिलेलं असतं. जावास्क्रिप्टच्या दोन-तीन ओळींचं काम दिसतं, पण याच दोन-तीन ओळींपायी माहिती हरवते आणि माणसं अडकून बसतात. हे काम करणाऱ्यांना जे प्रश्न वारंवार पडतात, ते इथे घेतले आहेत.

कोडमधली नावं इथे देवनागरीत, आपण बोलताना उच्चारतो तशी लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत आणि बहुतेक लहान अक्षरांत टाइप करायची.

रकाना बंद करायला नेमकं काय करायचं?

तो घटक हातात घ्यायचा आणि त्याची 'डिसेबल्ड' ही प्रॉपर्टी 'ट्रू' करायची. उघडायचा असेल तर 'फॉल्स'. मजकुराचा रकाना, ड्रॉपडाउन, चेकबॉक्स, रेडिओ, बटण, मोठा टेक्स्टएरिया, सगळ्यांना हे लागू पडतं. लिंकला पडत नाही. अँकर टॅगला डिसेबल्ड असं काही नसतंच.

इफ-एल्स न लिहिता अट थेट प्रॉपर्टीला द्यावी. टिक आहे की नाही हे चेकबॉक्सची 'चेक्ड' प्रॉपर्टी सांगते, तीच पत्त्याच्या रकान्याच्या 'डिसेबल्ड'मध्ये टाकायची. इफ-एल्स लिहिलं की दोन फांद्या होतात आणि सहा महिन्यांनी कोणीतरी त्यातली एकच दुरुस्त करतं.

'डिसेबल्ड इज इक्वल टू फॉल्स' लिहिलं तरी रकाना बंदच राहतो. का?

कारण ते एचटीएमएलमध्ये लिहिलंय. तिथे डिसेबल्ड हे बूलियन अ‍ॅट्रिब्यूट आहे. ते आहे की नाही एवढंच ब्राउझर बघतो, पुढच्या अवतरणचिन्हांत काय आहे ते बघत नाही. 'फॉल्स' लिहा, 'नाही' लिहा, रिकामं सोडा, रकाना बंदच. सेट-अ‍ॅट्रिब्यूटने 'फॉल्स' ही अक्षरं घातली तरी तोच प्रकार. अ‍ॅट्रिब्यूटनेच काम करायचं असेल तर रिमूव्ह-अ‍ॅट्रिब्यूटने ते काढून टाका, किंवा टॉगल-अ‍ॅट्रिब्यूटला दुसरं मूल्य म्हणून तुमची अट द्या.

जुन्या प्रकल्पांत जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी असते. तिथे 'प्रॉप' वापरा, 'अ‍ॅट्र' नको. २०११ मध्ये आलेल्या १.६ आवृत्तीपासून हे दोन मार्ग वेगळे झाले, पण त्याआधीची उत्तरं शोधताना अजूनही सापडतात आणि लोक तीच उचलून चिकटवतात.

बंद केलेल्या रकान्याची माहिती सर्व्हरवर येतच नाही. माझं काय चुकलं?

चुकलं काहीच नाही, नियमच तसा आहे. बंद रकाना फॉर्मबरोबर पाठवला जात नाही. त्याचं नावसुद्धा जात नाही. 'फॉर्मडेटा' (फॉर्ममधली माहिती गोळा करणारी वस्तू) बनवून 'फेच'ने, म्हणजे पान न बदलता सर्व्हरशी बोलणाऱ्या फंक्शनने, पाठवलं तरी तो वगळला जातो.

या उत्तरासाठी मला थोडं थांबायचंय, कारण माझ्या हातून यात खरं नुकसान झालेलं आहे. काही वर्षांपूर्वी एका शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज मी बनवला होता. 'कायमचा पत्ता वरीलप्रमाणेच' टिक केली की वरचा पत्ता खाली उतरायचा आणि खालचे रकाने बंद व्हायचे. पडद्यावर सगळं नीट दिसत होतं. मुलं पत्ता बघायची, खात्री करायची, सबमिट दाबायची. डेटाबेसमध्ये मात्र टिक केलेल्या प्रत्येकाचा कायमचा पत्ता रिकामा जात होता. छाननीत ते अर्ज 'अपूर्ण' म्हणून बाजूला पडले. एका मुलीने भरलेल्या अर्जाचा मोबाइलवरचा फोटो पाठवला, त्यात पत्ता स्पष्ट दिसत होता, तेव्हा कुठे मला कळलं. तिने काही चुकवलं नव्हतं. तिला जे दिसत होतं ते मी पुढे पाठवतच नव्हतो.

यावर तीन उपाय आहेत. बंद करण्याऐवजी 'रीडओन्ली' (वाचता येईल, बदलता येणार नाही असं) करणं हा पहिला, पण पत्त्यात राज्य आणि जिल्ह्याचे ड्रॉपडाउन असतात आणि त्यांना रीडओन्ली चालत नाही. दुसरा म्हणजे प्रत्येक बंद रकान्यामागे त्याच नावाचा लपवलेला रकाना ठेवणं. चालतं, पण एकच माहिती दोन जागी ठेवली की कधीतरी एक बदलते आणि दुसरी तशीच राहते. मी आता तिसराच वापरतो. खालचे रकाने खुशाल बंद करायचे, सर्व्हरकडे फक्त टिक पाठवायची आणि पत्त्याची नक्कल सर्व्हरवर करायची. टिक नसलेला चेकबॉक्सही पाठवला जात नाही, म्हणून 'टिक आली नाही' याचा अर्थ 'खालचा पत्ता वाच' असा सर्व्हरला पक्का सांगून ठेवायचा.

आधी भरलेली माहिती बदलण्याचा फॉर्म असेल तर आणखी जपा. 'जो रकाना आला नाही तो रिकामा धरा' असं सर्व्हरवर लिहिलेलं असेल, तर बंद रकान्यामागची जुनी, बरोबर असलेली माहिती पुसली जाईल.

मग रीडओन्ली आणि डिसेबल्ड यांत कुठला निवडायचा?

ही माहिती पुढे जायला हवी का, एवढंच स्वतःला विचारा. जायला हवी, पण माणसाने बदलायची नाही, तर रीडओन्ली. या परिस्थितीत हा रकाना लागूच होत नाही, तर डिसेबल्ड.

आयएफएससीचं उदाहरण बघा. हा कोड अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. कोड टाकल्यावर बँकेचं आणि शाखेचं नाव आपोआप भरणार असेल तर ते रकाने रीडओन्ली हवेत. माणसाला तिथे टॅबने जाता येतं, नाव वाचता येतं, कॉपी करता येतं. डिसेबल्ड रकान्यावर टॅब थांबतच नाही. उलट 'जीएसटी नोंदणी आहे का?' याला 'नाही' म्हटलं, तर नोंदणी क्रमांकाचा रकाना सरळ डिसेबल्ड.

रीडओन्ली फक्त लिहिण्याच्या रकान्यांना लागू होतं: मजकूर, अंक, तारीख वगैरे. ड्रॉपडाउन, चेकबॉक्स, रेडिओ, फाइल निवडण्याचं बटण यांच्यावर त्याचा काही परिणाम होत नाही.

'रिक्वायर्ड' रकाना बंद केला तर फॉर्म अडेल का?

नाही. बंद रकाना ब्राउझरच्या तपासणीतून वगळला जातो, म्हणून रिक्वायर्ड काढायची गरज नाही. रकाना परत उघडला की नियम आपोआप लागू होतो. रीडओन्ली रकानाही असाच वगळला जातो. तिथे मात्र काळजी घ्या: बँकेचं नाव भरलंच गेलं नाही तरी ब्राउझर तक्रार करणार नाही.

कोणता इव्हेंट ऐकायचा, चेंज की इनपुट?

चेकबॉक्स, रेडिओ आणि ड्रॉपडाउनसाठी 'चेंज' पुरे. मजकुराच्या रकान्यात चेंज तेव्हाच येतो जेव्हा माणूस लिहून बाहेर पडतो. अक्षरागणिक प्रतिसाद हवा असेल तर 'इनपुट'. 'क्लिक' टाळा आणि 'कीअप'वर तर अजिबात विसंबू नका. माउसने पेस्ट केलेलं किंवा बोलून लिहिलेलं त्याला कळत नाही.

तुमच्याच कोडने रकान्याचं मूल्य बदललं तर यातला एकही इव्हेंट येत नाही. पत्ता खाली उतरवल्यावर जिल्ह्यानुसार तालुक्यांची यादी बदलायची असेल, तर ते फंक्शन स्वतः हाक मारून बोलवावं लागतं.

रेडिओत 'नाही' निवडलं तरी 'होय'चा रकाना उघडाच राहतो.

'होय' बटणावरच लिसनर (इव्हेंट ऐकणारं फंक्शन) लावलेला असणार. रेडिओच्या गटात चेंज फक्त नव्याने निवडलेल्या बटणावर येतो. ज्याची निवड सुटली त्याला काही कळवलं जात नाही. लिसनर फॉर्मवर किंवा गटाच्या फील्डसेटवर (रकान्यांचा गट बांधणाऱ्या टॅगवर) लावा. चेंज वरपर्यंत बुडबुड्यासारखा चढतो, तिथे पकडा आणि त्या क्षणी कोणतं बटण निवडलेलं आहे ते विचारा.

पान रिफ्रेश केलं किंवा बॅक दाबून परत आलो की सगळं उलटसुलट होतं. टिक दिसते, पण रकाने उघडे!

ब्राउझर माणसाने भरलेलं लक्षात ठेवतो आणि परत आल्यावर ते भरून देतो, तुमचा चेंज मात्र तेव्हा येत नाही. फायरफॉक्स तर पुढे जाऊन रकाना बंद होता की उघडा हेही रिफ्रेशनंतर लक्षात ठेवतो. हे नको असेल तर त्या रकान्यावर ऑटोकम्प्लीट 'ऑफ' ठेवतात.

खरा उपाय रचनेत आहे. 'टिक झाली, आता बंद कर' आणि 'टिक गेली, आता उघड' अशी दोन कामं लिहूच नका. एकच फंक्शन लिहा. ते सध्याचा फॉर्म जसा आहे तसा वाचेल आणि सगळे रकाने त्यानुसार लावेल. आधी काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नको. मग ते कितीही वेळा बोलवा, उत्तर तेच येईल. चेंज आला की बोलवा, पान लोड झालं की बोलवा, 'पेजशो' इव्हेंटला बोलवा. बॅक दाबल्यावर ब्राउझर कधीकधी गोठवून ठेवलेलं पान तसंच समोर आणतो. तेव्हा लोड पुन्हा येत नाही, पेजशो येतो.

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या फॉर्मपैकी बरेचसे एवढ्या एका बदलाने सुधारतात.

रिसेटचं काय?

रिसेट रकान्यांची मूल्यं मूळ जागी नेतो, डिसेबल्डला हात लावत नाही. आणि 'रिसेट' इव्हेंट मूल्यं बदलण्याच्या आधी येतो. म्हणून तिथे ते फंक्शन शून्य मिलिसेकंदांच्या सेटटाइमआउटमधून बोलवा, नाहीतर ते जुनीच टिक वाचेल. खरं तर लांब फॉर्मवर रिसेटचं बटण ठेवूच नये. चुकून दाबलं गेलं की वीस मिनिटांची मेहनत जाते.

पत्त्याचे सात-आठ रकाने एकदम बंद करायचेत. लूप लावू?

लूप नको. ते सगळे एका फील्डसेटमध्ये ठेवा आणि फील्डसेटलाच डिसेबल्ड करा. आतलं सगळं बंद होतं.

एक सोय फार लोकांना माहीत नसते. फील्डसेटच्या पहिल्या लेजंडमध्ये, म्हणजे गटाच्या शीर्षकात, जे असतं ते बंद होत नाही. म्हणजे 'वरीलप्रमाणेच' हा चेकबॉक्स लेजंडमध्ये ठेवला तर पूर्ण गट बंद असतानाही तो चालू राहतो, आणि टिक काढून गट परत उघडता येतो. आपल्या पत्त्याच्या उदाहरणाला हे अगदी चपखल बसतं.

खाचखळगा एकच: फील्डसेटमुळे बंद झालेल्या रकान्याला तुम्ही 'तू डिसेबल्ड आहेस का?' असं प्रॉपर्टीतून विचारलंत तर तो 'फॉल्स' सांगेल, कारण अ‍ॅट्रिब्यूट त्याच्या अंगावर नाही. 'मॅचेस' वापरून सीएसएसच्या 'कोलन डिसेबल्ड'शी जुळतो का ते बघा. रंगरूपही त्याच सिलेक्टरने द्या.

बंद करताना आत लिहिलेलं पुसून टाकावं का?

माझं मत: नको. माणसाने चुकून टिक केली आणि लगेच काढली, तर त्याने टाइप केलेला पत्ता तिथेच असायला हवा. मोबाइलवर मराठीत लांब पत्ता लिहायला किती वेळ लागतो ते आपल्याला माहीत आहे. वरचा पत्ता खाली उतरवणार असाल, तर त्याआधी खालचा मजकूर एखाद्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवा.

जिल्हा निवडल्यावर तालुके येईपर्यंत तालुक्याचा ड्रॉपडाउन बंद ठेवतो. कधीकधी भलत्याच जिल्ह्याचे तालुके येतात.

महाराष्ट्रातले छत्तीस जिल्हे एका यादीत बसतात, पण तालुके साडेतीनशेच्या वर आहेत, म्हणून ते सहसा सर्व्हरकडून मागवतात. माणूस आधी सांगली निवडतो, लगेच बदलून सातारा करतो. दोन मागण्या गेल्या. नेटवर्क कमकुवत असेल तर साताऱ्याचं उत्तर आधी आणि सांगलीचं नंतर येऊ शकतं. मग जिल्हा सातारा आणि यादीत मिरज, तासगाव, जत.

नवी मागणी करताना जुनी 'अ‍ॅबॉर्टकंट्रोलर'ने रद्द करा. किंवा उत्तर आल्यावर ते ज्या जिल्ह्याचं आहे तोच जिल्हा अजून निवडलेला आहे का हे तपासा, नसेल तर टाकून द्या. आणि मागणी फसली तर? ड्रॉपडाउन कायमचा बंद राहता कामा नये. 'यादी आली नाही, पुन्हा प्रयत्न करा' असं बटणासकट दाखवा. गावाकडे बांधावर उभं राहून फॉर्म भरणाऱ्याला करड्या ड्रॉपडाउनवरून काहीच कळत नाही. त्याला वाटतं, आपलंच काही चुकलं.

आकड्यावर अट आहे. काही जणांच्या बाबतीत ती चालतच नाही.

त्यांनी आकडे देवनागरीत लिहिले असतील. मराठी कीबोर्डवरून '४५' लिहिलं की जावास्क्रिप्टचं 'नंबर' त्याला आकडा मानत नाही, 'नॅन' (म्हणजे 'हा आकडा नाही') परत देतं. आणि नॅनशी केलेली 'पेक्षा मोठा', 'पेक्षा लहान' ही प्रत्येक तुलना खोटी ठरते. रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं अंकांसाठीचं चिन्हही फक्त इंग्रजी अंकच (0 ते 9) ओळखतं. दिव्यांगत्वाची टक्केवारी चाळीस किंवा जास्त असेल तरच प्रमाणपत्राचा रकाना उघडायचा, अशी अट असेल तर '४५' लिहिणाऱ्याला तो रकाना कधीच उघडणार नाही. ज्याच्यासाठी सोय केली तोच बाहेर राहिला.

उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य ते नऊ ओळीने एकापाठोपाठ बसवलेले आहेत. प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून देवनागरी शून्याचा क्रमांक वजा केला की साधा आकडा मिळतो. अट तपासण्याआधी हे रूपांतर करा, आणि सर्व्हरवरही करा. मराठी फॉर्मने मराठी आकडे नाकारणं मला पटत नाही.

ड्रॉपडाउनमधल्या मराठी शब्दाशी तुलना केली तर कधी जुळते, कधी नाही.

शब्दाशी तुलना करूच नका. प्रत्येक पर्यायाला 'व्हॅल्यू' म्हणून छोटा रोमन संकेत द्या आणि त्याच्याशी जुळवा. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक वेगळा र वापरून, दुसरा साध्या र नंतर हलंत आणि न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. 'नॉर्मलाइझ' केल्यानेही ते एक होत नाहीत.

बंद करण्याऐवजी लपवलं तर?

रकाना बहुतेकांना लागू नसेल तर लपवणं बरं. फॉर्म आटोपशीर होतो. पण नुसता सीएसएसने लपवलेला रकाना सर्व्हरकडे जातो, आणि रिक्वायर्ड असेल तर फॉर्म अडवतो. माणूस सबमिट दाबत राहतो, काहीच होत नाही आणि चूक कुठेय ते दिसत नाही. म्हणून लपवलात तर बंदही करा. सीएसएसच्या 'हॅज' सिलेक्टरने जावास्क्रिप्टशिवाय लपवता येतं, बंद करता येत नाही. 'इनर्ट' अ‍ॅट्रिब्यूटने रकान्याला हात लावता येत नाही, पण माहिती पाठवली जातेच.

सगळं नीट भरेपर्यंत सबमिट बटण बंद ठेवावं का?

ही मागणी फार येते आणि मी दरवेळी विरोध करतो. बंद बटण काय राहिलंय ते सांगत नाही. त्यावर टॅब थांबत नाही, म्हणून स्क्रीनरीडर (पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला ते बटण सहज सापडतही नाही. बंद घटकांना डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमधल्या, अक्षर आणि पार्श्वभूमीच्या रंगांत पुरेसा फरक ठेवण्याच्या नियमातून सूट आहे, त्यामुळे बटणं इतकी फिकट केली जातात की उन्हात मोबाइलवर दिसत नाहीत. बटण चालू ठेवा. दाबलं की पहिल्या राहिलेल्या रकान्यावर न्या आणि तिथे साध्या शब्दांत सांगा: 'पिन कोड सहा अंकी हवा.'

तरीही करडं दाखवायचंच असेल तर 'अ‍ॅरिया-डिसेबल्ड' वापरा. त्यावर टॅब थांबतो आणि स्क्रीनरीडर ते बंद असल्याचं सांगतो, पण प्रत्यक्षात ते काहीच अडवत नाही. अडवण्याचं काम तुमच्या कोडचं.

दोनदा सबमिट होऊ नये म्हणून क्लिकवर बटण बंद केलं, तर फॉर्म जातच नाही.

क्लिक चालू असतानाच बटण बंद झालं तर ब्राउझर पुढे सबमिट करत नाही. बटण फॉर्मच्या 'सबमिट' इव्हेंटमध्ये बंद करा. त्या बटणाला स्वतःचं नाव आणि व्हॅल्यू असेल, जसं 'मसुदा जतन करा' आणि 'अर्ज पाठवा', तर बंद केल्याने तीही वगळली जाईल. मग एखादा झेंडा म्हणून व्हेरिएबल ठेवून दुसरं सबमिट अडवा. फेच वापरत असाल तर आधी फॉर्मडेटा बनवा, मग रकाने बंद करा. उलट केलंत तर सर्व्हरला रिकामं पाकीट पोचेल.

रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत यातलं काही लागतं का?

प्रॉपर्टीला अट देणं तिथे आपसूक होतं, आणि एकाच स्थितीवरून सगळं ठरवण्याची सवयही लागते. बंद रकाना न पाठवण्याचा, फोकसचा आणि देवनागरी आकड्यांचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

रकाना बंद आहे म्हणजे कोणी तो बदलू शकणार नाही ना?

बदलू शकतो. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून डिसेबल्ड काढायला पाच सेकंद लागतात. फीची रक्कम, सवलत, पात्रता असं काहीही बंद रकान्याच्या भरवशावर सोडू नका. हीच अट सर्व्हरवर पुन्हा तपासा.

जावास्क्रिप्ट लोड झालं नाही तर?

एचटीएमएलमध्ये रकाने उघडे ठेवा आणि जावास्क्रिप्टने बंद करा. मग स्क्रिप्ट अडकली तरी माणूस फॉर्म पूर्ण भरू शकतो. एचटीएमएलमध्येच बंद ठेवलेले रकाने स्क्रिप्टशिवाय कधीच उघडत नाहीत.

फॉर्म द्यायच्या आधी काय काय तपासता?

माउस बाजूला ठेवतो आणि पूर्ण फॉर्म टॅब, स्पेस आणि बाणांच्या कळांनी भरतो. माणूस ज्या रकान्यात आहे तोच रकाना माझं फंक्शन बंद करत नाही ना, हे बघतो. तसं झालं तर फोकस हरवतो आणि कीबोर्डवाल्याला आपण पानावर कुठे आहोत ते कळत नाही. मग टिक करतो, काढतो, पुन्हा करतो. रिफ्रेश. पुढच्या पानावर जाऊन बॅक. आयफोनवरच्या सफारीत बंद रकान्यातली अक्षरं वाचता येतायत ना ते पाहतो, तिथे ती जास्तच फिकट दिसतात. एकदा सगळे आकडे देवनागरीत भरतो. आणि शेवटी डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडून सर्व्हरकडे प्रत्यक्ष काय गेलं त्याची यादी पडद्यावरच्या फॉर्मशी एकेक रकाना लावून वाचतो. शिष्यवृत्तीच्या त्या अर्जाच्या वेळी मी नेमकं हेच केलं नव्हतं.